दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात मुलांना कुठे न्यायचं? कमी खर्चातल्या भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की घरोघरी एकच विषय सुरू होतो. शाळांना सुट्टी लागणार, मुलं घर डोक्यावर घेणार, आणि मॉलमध्ये एक चक्कर मारली तरी दोन हजारांची नोट मोडल्यासारखं होणार. हे प्रश्न पुण्यात आणि आसपास राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहेत. घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा दीड महिना धरला आहे. फुकटातलं किंवा चौघांचं मिळून दोन-तीनशेत भागेल असंच इथे घेतलंय. रिसॉर्ट, वॉटर पार्क, ॲग्रो टुरिझम यांची माहिती दुसरीकडे भरपूर मिळेल.

हाच दीड महिना कशाला? डिसेंबरात छान थंडी असते की.

असते, पण तोवर डोंगर पिवळे पडलेले असतात. आत्ता गवत गुडघ्यापर्यंत उभं आहे, गडांवर सोनकी फुलून गेलेली आहे, ओढ्यांना थोडंफार पाणी आहे आणि पावसानं धुतलेली हवा अजून धुळीनं भरलेली नाही. फुलपाखरं तर याच दिवसांत सर्वांत जास्त दिसतात.

अडचणी दोन आहेत. पहिली ऑक्टोबर हीट. दहानंतरचं ऊन मुलांना सहन होत नाही. दुसरी परतीचा पाऊस. सकाळ लख्ख असते आणि दुपारी तीन-चारला ढग भरून विजा कडाडायला लागतात. दोन्हींवर उपाय एकच: उजाडताच निघायचं. ऑक्टोबरअखेर सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. त्या वेळी टेकडीच्या पायथ्याशी असाल तर अकराला घरी येऊन आंघोळ, जेवण आणि झोप, सगळं जमतं. "आरामात नाश्ता करून निघू" असं म्हणणाऱ्या घरांची सहल बहुतेक वेळा रागारागात संपते.

एक पैसाही खर्च न करता कुठे जाता येईल?

टेकडीवर. पुणेकरांना टेकड्यांचं कौतुक आहे ते उगाच नाही.

वेताळ टेकडी हा शहरातला सर्वांत उंच भाग. लॉ कॉलेज रस्ता, चतु:शृंगी, पाषाण-पंचवटी, एआरएआय अशा बऱ्याच बाजूंनी वर जाता येतं. लहान मुलं बरोबर असतील तर एआरएआयच्या बाजूनं जा, चढ कमी आहे. वर जुनी दगडाची खाण आहे आणि तिच्यात पाणी साठलेलं असतं. काठावर दहा मिनिटं गप्प बसलात तर खंड्या पक्षी हमखास दिसेल. मोराचा आवाज येतोच, दर्शन नशिबावर. मात्र खाणीच्या कडेला मुलांचा हात सोडू नका, कडा सरळ तुटलेल्या आहेत.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला पर्वती बरी. १०३ पायऱ्या मोजत चढणं हाच मुळात खेळ होतो, आणि प्रत्येकाची बेरीज वेगळी येते. देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. पानिपतानंतर १७६१ मध्ये त्यांचा अंत झाला तोही पर्वतीवरच. वरून सगळं शहर दिसतं. "आपलं घर कुठे?" हा प्रश्न मुलांकडून येणारच, तेव्हा घराजवळची पाण्याची टाकी किंवा उंच इमारत आधीच हेरून ठेवा.

तळजाई, हनुमान टेकडी, बाणेर-पाषाण टेकडी याही चांगल्या. घरापासून जवळ असेल ती तुमची. कोथरूडहून उठून तळजाईला जाण्यात काही अर्थ नाही.

दिवाळीत मुलांचे किल्ले बघायला फिरतात म्हणे. ते कुठे आणि कधी?

ही पुण्यातली सर्वांत चांगली फुकट सहल आहे असं माझं ठाम मत आहे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत संध्याकाळी सातनंतर निघा. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतले वाडे आणि जुन्या इमारती, कोथरूड-कर्वेनगरातल्या सोसायट्या, चौकातली मंडळं. दर दोन-तीन बिल्डिंगमागे एक तरी किल्ला असतो. कुठे जिन्याखाली हातभर उंचीचा, तर कुठे पार्किंगच्या दोन गाड्यांची जागा अडवून बांधलेला प्रतापगड, अफजलखानाच्या शामियान्यासकट.

नुसतं "वा, छान" म्हणून पुढे जाऊ नका. किल्ल्यापाशी एक तरी मातीनं हात माखलेला किल्लेदार उभा असतो, त्याला विचारा: पाण्याची टाकी कुठे काढलीस? शत्रू आला तर कुठून येईल? चोरदरवाजा आहे का? तो वीस मिनिटं सांगत बसतो आणि तुमची मुलं तोंडाचा आ करून ऐकतात. वडीलधाऱ्यांनी सांगितलेला इतिहास त्यांच्या डोक्यात शिरत नाही. बरोबरीच्या पोरानं सांगितला की लगेच शिरतो.

घरी किल्ला करायचा असेल तर दगड, विटा, जुनी पोती आणि माती एवढं पुरतं. पोतं चिखलात बुडवून दगडांवर अंथरलं की डोंगराच्या सोंडा आपोआप तयार होतात. वर अळीव पेरा, रोज हातानं पाणी शिंपडा. हिरवळ धरायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून वसुबारसेच्या आधीच पेरायला हवेत. मावळे, तोफा, गवळणी आणि सिंहासनावरचे महाराज घ्यायला मुलांना घेऊन कसब्यातल्या कुंभारवाड्यात जा. ती अर्ध्या दिवसाची वेगळी सहल होते. मातीच्या चित्रांच्या रांगाच्या रांगा मांडलेल्या असतात. खर्च किती होणार हे मुलांना किती मावळे हवेत त्यावर ठरेल, म्हणून आकडा घरीच ठरवून निघा.

आणि खरा किल्ला? लहान मुलांना कोणता झेपेल?

सगळ्यांच्या तोंडी सिंहगड असतो. स्वारगेटहून पीएमपीची बस सिंहगड पायथ्याला, म्हणजे आतकरवाडीला सोडते. पायवाटेनं मोठ्या माणसाला दीड तास लागतो, मुलांबरोबर दोन-अडीच धरा. वाटेत ताक, लिंबू सरबत मिळतं. वर तानाजी मालुसऱ्यांची समाधी, कल्याण दरवाजा आणि तो कडा आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे तिथून कसे चढले असतील हे कड्यावरून खाली डोकावल्यावर कळतं. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना झेपेल. पण सुट्टीतल्या रविवारी गाडीनं जाऊ नका. घाटात दोन तास अडकून वर भजी खाऊन परत येणं याला गड बघणं म्हणत नाहीत. मंगळवार-बुधवार साधा.

त्याहून लहान मुलांसाठी दिवेघाटाजवळचा मल्हारगड उत्तम. पेशव्यांचे सरदार पानसे यांनी तो १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधला. मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला मानतात. छोटासा आहे, चढ अर्ध्या-पाऊण तासाचा, तटबंदी आणि बुरूज बऱ्यापैकी शाबूत. तासाभरात सगळा गड मुलांच्या पायाखालून जातो. सोनोरीपर्यंत स्वतःचं वाहन लागेल आणि पाणी घरूनच न्यावं लागेल. सावली जवळजवळ नाही.

लोहगडाला पायऱ्या आहेत आणि एकामागून एक चार दरवाजे, त्यामुळे मुलं कंटाळत नाहीत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी तीन पुणे जिल्ह्यातले आहेत: शिवनेरी, राजगड आणि हा. राजगड मात्र मुलं मोठी होईपर्यंत राहू द्या.

पेठांमध्ये एका सकाळीत काय दाखवता येईल?

शनिवारवाडा सगळेच दाखवतात, आणि आत गेल्यावर "वाडा कुठाय?" असा प्रश्न हमखास येतो. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला, आता फक्त जोती उरली आहेत, हे तिकीट काढण्याआधीच सांगा. तिकीट मोठ्यांना २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना माफ. वेळ कमी असेल तर दिल्ली दरवाजा बाहेरून बघा. दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तींनी धडक देऊ नये म्हणून होते, एवढी एकच गोष्ट मुलांना दिवसभर पुरते.

मी मात्र कसबा गणपतीपासून सुरुवात करून सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला जाईन. पुण्यात आयुष्य काढलेल्या कितीतरी लोकांनी हे देऊळ पाहिलेलं नाही. १७५४ मध्ये काम सुरू झालं, १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. काळ्या दगडाचं आहे आणि दर्शनी भिंत कोरीव कामानं गच्च भरलेली. मुलांना भिंतीसमोर उभं करा आणि सांगा, गेंडा शोधा. साखळदंडानं बांधलेला गेंडा आणि त्याला बांधणारे टोपीवाले शिपाई खरंच तिथे कोरलेले आहेत. अठराव्या शतकात कुणा कारागिराला गोरे शिपाई असे दिसले! मग झुंजणारे हत्ती, पोपट, मोर, द्वारपाल. आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला आहे. प्रवेश फुकट, गर्दी नाही.

परतताना मंडईत शिरा. १८८६ ची इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, खाली भाजीचे गाळे. तिथून विश्रामबागवाड्याचा लाकडी दर्शनी भाग चालत गाठता येतो. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर वेगळ्या दिवशी करा. एकाच खडकात कोरलेलं आठव्या शतकाच्या सुमाराचं लेणं भर शहरात आहे आणि बघायला पैसे पडत नाहीत. नंदीचा गोल मंडप मुलांना फार आवडतो, त्याच्याभोवती पळता येतं.

लेणी बघायची तर कार्ला की भाजे?

लहान मुलं असतील तर भाजे. कार्ल्याचा चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह) भव्य आहे, भारतातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य तोच, पण शेजारी एकवीरा आईचं देऊळ आहे आणि नवरात्र-दिवाळीत पायऱ्यांवर माणसांचा पूर असतो. दर्शन घ्यायचंच असेल तर गोष्ट वेगळी.

भाज्याला जायचं म्हणजे लोणावळा लोकल पकडायची आणि मळवलीला उतरायचं. मुलांच्या दृष्टीनं निम्मी सहल ती लोकलच असते. स्टेशनातून बाहेर पडून एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडायचा (इथे गाड्या बघण्यात पंधरा मिनिटं जाणार, ती धरूनच चाला), मग भाजे गाव आणि पायऱ्या. बावीस लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरुवात झालेली. मोठ्या चैत्यात मान वर करून छताकडे बघा. दगडी छताला लाकडी कमानी आहेत, आणि त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. शेवटच्या बाजूच्या विहारात कोरलेल्या पट्टात एक बाई तबल्यासारखी वाद्यजोडी वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. कुणी तबला शिकत असेल तर त्याला तिथेच बसवा.

खर्च: लोकलचं जाऊन-येऊन तिकीट चौघांचं साधारण शंभरात, लेण्यांचं मोठ्यांना २५ रुपये. चहा-बिस्किटं धरूनही दोनशेच्या आसपास राहतो. दुपारी लोकल विरळ असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो. त्याच्या पहिल्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांचं तिकीट बहुधा माफ असतं.

याच मार्गावर बेगडेवाडी स्टेशनजवळ घोराडेश्वरचं लेणं आहे. ते अजून जवळ, अजून रिकामं आणि फुकट.

पक्षी बघायचे आहेत, पण दुर्बीण नाही.

तरी चालेल. हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्यावर कवडीपाटला मुळा-मुठेच्या जुन्या बंधाऱ्यावर उभं राहिलं की पक्षी अगदी जवळून दिसतात. लांब लाल पायांचे शेकाटे, नदीसुरय, शेपटी हलवत पळणारे धोबी आणि थंडी पडू लागली की केशरी रंगाचे चक्रवाक. टोलनाक्याच्या थांब्यापर्यंत पीएमपी जाते. मात्र खोटं कशाला सांगू, नदीला वास येतो आणि पाण्यावर फेस असतो. शहराचं सांडपाणी जातं कुठे हेही मुलं त्याच फेरीत बघतात.

घरबसल्या हवं असेल तर कुंडीतलं लिंबू किंवा कढीपत्ता तपासा. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं आणि ते हललं, तर ती फुलपाखराची अळी आहे. झटकू नका. मोठी झाली की ती हिरवीगार होते. लिंबाच्या जातीच्या झाडांवरच महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत अंडी घालतं.

आजी-आजोबा बरोबर आहेत, गुडघे दुखतात.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे जपानी बाग. सपाट वाटा, पाणी, मासे, बाकडी. तिकीट किरकोळ. दुसरं नसरापूरजवळचं बनेश्वर: देऊळ, झाडी, मागे ओढ्याचा छोटा धबधबा, आणि ऑक्टोबरात त्याला पाणी असतं. आळंदी-देहू आहेतच, फक्त कार्तिक वद्य एकादशीच्या आसपास आळंदीला वारकऱ्यांची यात्रा असते. वारीसाठी जायचं असेल तर जरूर जा, निवांतपणा हवा असेल तर दुसरा आठवडा निवडा.

संध्याकाळी, घराजवळ काही?

नवरात्रात सोसायटीत भोंडला करा. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर आणि शेवटी खिरापत ओळखणं. मुलगे "हे मुलींचं" म्हणून लांब उभे राहतात, पण डबा खडखडवून खिरापत ओळखायची वेळ आली की सगळ्यांत पुढे तेच असतात.

कोजागरीला टेकडीवर जायची टूम निघते. जाऊ नका. अंधारात टेकड्यांवर लुटालुटीचे प्रकार झालेले आहेत. गच्ची, सतरंजी आणि मसाला दूध पुरेसं आहे.

दिवाळी पहाटेच्या बऱ्याच मैफलींना विनामूल्य प्रवेशिका असतात. त्या दोन-चार दिवस आधी वाटतात आणि तासाभरात संपतात, तेव्हा वर्तमानपत्रावर लक्ष ठेवा. पाडव्याला पहाटे सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपुढे तरुणाईची जत्रा भरते. छोट्यांना खांद्यावर घ्यावं लागेल.

त्रिपुरी पौर्णिमेला ओंकारेश्वर, पाताळेश्वर अशा शंकराच्या देवळांत पणत्या लावतात. तुम्हीही घरून दोन पणत्या, तेल आणि वाती घेऊन जा, लावायला कुणी नाही म्हणत नाही. वर बघितलंत तर चंद्राच्या आसपास कृत्तिकांचा झुबका सापडेल. कार्तिक महिन्याचं नाव त्यावरूनच आलं.

जाण्यायेण्यातच पैसे जातात, त्याचं काय?

अगदी खरं. स्वस्त सहल महाग होते ती पेट्रोल, पार्किंग आणि हॉटेल या तिघांमुळे. पीएमपीचा एका दिवसाचा पास जून २०२५ च्या भाडेवाढीपासून पुणे-पिंपरी हद्दीत ७० रुपये आहे. तीन-चार बस बदलणार असाल तरच तो परवडतो. मेट्रोत शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत मिळते, आणि जमिनीखालून कसबा पेठ, मंडई, स्वारगेट असा प्रवास हीसुद्धा मुलांच्या लेखी सहलच. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. आजी-आजोबा आणि आई-वडील असा गट एसटीनं निघाला तर वडिलांचंच तिकीट सर्वांत महाग पडतं.

खायला काय न्यावं?

धपाटे, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या. दुसऱ्या दिवशीही टिकतं आणि सांडत नाही. दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा आणि शंकरपाळी संपवायला टेकडीसारखी जागा नाही, घरात नको म्हणणारी मुलं तिथे बोटं चाटतात. गडावर पिठलं-भाकरी खायची असेल तर जरूर खा, वरच्या लोकांचं पोट त्यावर आहे. फक्त दही मडक्यातलंच घ्या आणि मडकं दरीत भिरकावू नका.

कास, भिगवण, हुरडा?

तिन्ही आत्ता नाही. कासची फुलं ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपत येतात. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायचे तर थंडी मुरल्यावर जा, शिवाय होडीचे पैसे पडतात. हुरडा संक्रांतीच्या आगेमागे.

भीती कशाची बाळगायची?

बिबट्याची सगळे विचारतात, मधमाश्यांची कुणी विचारत नाही. गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, उग्र डिओ, धूर आणि फटाके, यातलं काहीही गडावर नको. मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरायचं.

पाण्यात उतरू नका. खडकवासल्याच्या काठावर कणीस खाणं वेगळं आणि पाण्यात पाय सोडणं वेगळं. धरणाच्या गाळात पट्टीचे पोहणारेसुद्धा अडकतात. पायवाट सोडून उंच गवतात शिरू नका, साप तिथेच असतात. बूट घाला, चपला नकोत.

स्वच्छतागृहाची सोय?

टेकड्यांवर नाही. मल्हारगडावर नाही. जपानी बागेत आहे, सिंहगडावर वाहनतळापाशी आहे. लोकलला निघण्याआधी पुणे स्टेशनावर सगळ्यांना एकदा जाऊन यायला लावा, "मला नाही लागली" म्हणणाऱ्यालासुद्धा. बरोबर पाण्याची एक जादा बाटली, साबणाचा कागद आणि वापरलेलं परत आणायला एक पिशवी ठेवा.